दोन सॉकेटांचा टीव्ही आणि तीन इनपुटचा एचडीएमआय स्विच

आमच्या मुलुंडच्या घरातला टीव्ही अजून उत्तम चालतो, पण त्याला एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच केबलमधून घेणारी, सॉकेटे दोनच आहेत. त्यांपैकी ‘एआरसी’ लिहिलेले सॉकेट साउंडबारला द्यावेच लागते, कारण टीव्हीचा आवाज केबलमधून उलट दिशेने बाहेर पाठवण्याची सोय फक्त त्याच सॉकेटात आहे. उरलेल्या एका सॉकेटावर सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक आणि मुलाचा गेमिंग कन्सोल असे तिघांचे काम भागवायचे होते. केबल सारखी काढून-घालून सॉकेट सैल होते, आणि भिंतीवर लावलेल्या टीव्हीमागे हात घालणे आईबाबांना शक्य नाही. म्हणून मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, तीन इनपुट आणि एक आउटपुट असलेला स्विच आणला.

तिथे स्विच आणि स्प्लिटर शेजारी-शेजारी मांडलेले असतात व दिसायलाही सारखेच असतात. स्प्लिटर एका उपकरणाचे चित्र अनेक टीव्हींना पुरवतो, तर आपल्याला अनेक उपकरणे एका टीव्हीला जोडायची असतात, तेव्हा इनपुट किती हे डबीवर पाहूनच पैसे द्यावेत. नुसत्या ‘४के’ या छापील शब्दावरही विसंबू नये. एचडीएमआय १.४ ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट असल्याने ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच (म्हणजे सेकंदाला ३० चित्रे) मिळते; ६० हर्ट्झसाठी २०१३ मध्ये आलेली २.० आवृत्ती, म्हणजे १८ गिगाबिट लागतात. शिवाय एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी सुरक्षा-व्यवस्था नसेल, तर ओटीटीवरचे ४के चित्रपट कमी दर्जात दिसतात किंवा पडदा काळाच राहतो. मी घेतलेल्या स्विचवर या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या आणि प्रत्यक्षातही त्या खऱ्या ठरल्या.

पहिली अडचण विजेची आली. स्टिकवर चित्र मधूनच क्षणभर काळे होई, सेट-टॉप बॉक्सवर मात्र तसे कधीच झाले नाही. स्विच आपली वीज जोडलेल्या उपकरणाच्या ५ व्होल्टच्या तारेतून घेतो. नियमानुसार उपकरणाने तिथे किमान ५५ मिलिअँपियर पुरवले की पुरे, आणि स्विचला तेवढ्यात भागतेच असे नाही. सुदैवाने याच्या कडेला विजेसाठी वेगळे यूएसबी सॉकेट आहे. मोबाइलचा जुना चार्जर तिथे जोडल्यावर हा त्रास पूर्ण थांबला. ज्या स्विचला असे सॉकेट नाही, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालू केलेल्या उपकरणाकडे आपोआप वळण्याच्या सोयीची जाहिरात मोठी आहे, पण सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत ती अपुरी पडते. रिमोटने बंद केलेला बॉक्स स्टँडबायमध्ये जागाच असतो आणि त्याचे ५ व्होल्ट चालू राहतात, त्यामुळे तो पुन्हा सुरू केला तरी स्विचला काही नवे घडल्याचे कळत नाही. तेव्हा सोबतचा छोटा रिमोट वापरावा लागतो. त्याच्या १, २, ३ या बटणांवर मी रंगीत टिकल्या चिकटवल्या. आता आई मालिका संपली की स्वतःच पिवळे बटण दाबून कीर्तनाचे व्हिडिओ लावते. स्विच टीव्हीमागे लपलेला असूनही रिमोट चालतो, कारण तारेला जोडलेला त्याचा सेन्सर टीव्हीच्या खालच्या कडेला चिकटवता येतो. घरातल्या ज्येष्ठांच्या दृष्टीने मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते.

उणीव एकच सांगण्यासारखी आहे: या स्विचमधून सीईसीचे, म्हणजे एका रिमोटने दुसरे उपकरण चालवू देणारे, संदेश पुढे जात नाहीत, त्यामुळे टीव्हीच्या रिमोटने स्टिक चालवता येत नाही आणि टेबलावर आणखी एक रिमोट वाढतो. तरीही हजार-बाराशे रुपयांत चालता टीव्ही बदलण्याची वेळ टळत असेल, तर हा स्विच जरूर घ्यावा. मात्र त्याआधी आपला साउंडबार नीट तपासावा; काही साउंडबारांना स्वतःचे एचडीएमआय इनपुट असते, आणि एकच उपकरण वाढवायचे असेल तर ते थेट तिथे जोडून काम होते.