नॉर्मन की डेड चेस्ट?

कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये टॉर्टोला या मुख्य बेटाहून बोटीने एकच निर्जन बेट गाठायला वेळ असेल, तर नॉर्मन आणि डेड चेस्ट या दोन बेटांपैकी माझं मत नॉर्मनला.

याचं पहिलं कारण म्हणजे इथली चाच्यांची गोष्ट नुसती दंतकथा नाही. 1750 मध्ये ‘ग्वादालुपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरची चांदी ओवेन लॉइड नावाच्या खलाशाने पळवली आणि नॉर्मनवर आणून पुरली. बातमी फुटताच टॉर्टोलाच्या लोकांनी ती उकरून काढली.

दुसरं कारण म्हणजे नॉर्मनवरच्या ट्रेझर पॉइंटच्या गुहा. स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी लावून पोहतच आत शिरायचं. उन्हातलं निळं पाणी दोन हातांवर काळं होतं, लाट भिंतीवर आपटली की पोकळ घुमारा येतो. टॉर्चचा झोत टाका, पाण्याखालच्या खडकाला चिकटलेले लाल-केशरी स्पंज उजळून निघतात. त्यासाठी टॉर्च न्याच, आणि सकाळी लवकर जा, नंतर बोटींची गर्दी होते. समुद्र खवळलेला असेल तर मात्र आत जाऊ नका, लाट सरळ खडकावर फेकते.

डेड चेस्ट पीटर आयलंडजवळचं इवलंसं बेट. ब्लॅकबिअर्ड या चाच्याने आपल्या पंधरा माणसांना इथे सोडून दिलं असं सांगतात, पण त्याला पुरावा नाही. तरी स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून खोल बुडी मारणं येत असेल तर माझा सल्ला बदलतो: डेड चेस्टला जा. तिथल्या ‘पेंटेड वॉल्स’मधल्या अरुंद खडकाळ घळी स्पंज-प्रवाळांनी मढलेल्या आहेत, आणि स्नॉर्केलवाल्याला त्या नीट दिसतच नाहीत.