रिजुव्हेनेटर तेल घ्यावं, पण लॅब असेल तरच

मिलिंग मशीनने खरवडून काढलेल्या जुन्या डांबरी मालात, म्हणजे रॅपमध्ये, घालायची वनस्पती तेलाची रिजुव्हेनेटर (कडक झालेलं डांबर पुन्हा मऊ करणारी तेलं) २०० लिटरच्या बॅरलमध्ये मिळतात. सातारा-सांगली पट्ट्यातल्या हॉट मिक्स प्लांटने (खडी आणि डांबर तापवून मिसळणाऱ्या कारखान्याने) ती जरूर घ्यावीत, पण लॅब आणि तेल मोजून सोडणारा डोसिंग पंप असेल तरच.

ऊन-हवा लागून डांबरातला हलका तेलकट भाग कमी होतो आणि अस्फाल्टीन, म्हणजे कडक घटक, वाढतात. नव्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं पेनिट्रेशन (चाचणीची सुई किती आत रुतते ते; आकडा कमी तर डांबर कडक) किमान ४५ असतं. जुन्या रस्त्यातल्या डांबराचं २० पर्यंत उतरलेलं सापडतं. चांगलं तेल ही तूट भरून काढतं. जुनं इंजिन ऑइल घातलं तरी डांबर मऊ होतं, पण ते टिकत नाही, तडे लवकर जातात. स्वस्त म्हणून त्याच्या नादी लागू नका.

खरा घोळ मात्रेत होतो. टक्केवारी काढायची ती रॅपमधल्या डांबरावर, रॅपच्या वजनावर नाही. १०० टन मालात २५ टन रॅप आणि त्यात साडेचार टक्के डांबर असेल, तर जुनं डांबर झालं ११२५ किलो. त्याच्या ६ टक्के तेल म्हणजे साडेसदुसष्ट किलो. बॅरलमध्ये साधारण १८५ किलो तेल बसतं, त्यामुळे एक बॅरल पावणेतीनशे टन मालाला पुरतं. एकूण डांबर ५.२ टक्के धरलं तर नवं डांबर चार टनांच्या आसपास लागतं. या हिशेबातून तेलाचं वजन वजा करायला विसरलं, की उन्हाळ्यात डांबर वर येतं.

सहा टक्के हे फक्त उदाहरण. रॅपमधलं डांबर वेगळं काढून त्यात वेगवेगळ्या मात्रा घालाव्यात आणि ६० अंशांवरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, बघावी. व्हीजी-३० साठी ती २४०० ते ३६०० पॉइज हवी. उसाच्या ट्रॉल्या चालणाऱ्या रस्त्यांवर वरच्या टोकाजवळ राहा, नाहीतर चाकोऱ्या पडतात. मग तोच नमुना १६३ अंशांवर ८५ मिनिटं आरटीएफओमध्ये (डांबर मुद्दाम जुनं करून बघणाऱ्या चाचणीच्या भट्टीत) फिरवून व्हिस्कॉसिटी पुन्हा मोजा. ती चौपटीहून जास्त वाढली तर ते तेल नको, पेनिट्रेशन कितीही छान आलेलं असो.

तेल बेल्टवरच्या थंड रॅपवर फवारलं तर मुरायला वेळ मिळतो. मात्र पंप बेल्टच्या वजनकाट्याला जोडलेला हवा. रॅप अडकला आणि पंप चालूच राहिला, की त्या बॅचचा रस्त्यावर मऊ पट्टा उमटतो. रॅपवर थेट ज्योत पडली तर निळा धूर निघतो; तेव्हा जुनं डांबर जळत असतं, तेल कितीही घाला.

महाबळेश्वर, पाटणकडच्या पावसात जादा तेलाचा माल खडी सोडतो. तिथे टीएसआर (पाण्यात भिजवल्यावर मालाची किती ताकद उरते ते) ८० टक्क्यांखाली आला तर २ टक्के हायड्रेटेड चुना घाला. रॅपचा ढीग छपराखाली ठेवा. ओल्या रॅपमध्ये इंधन पाणी वाळवण्यातच जातं.

रॅप १०-१५ टक्केच वापरणार असाल, तर बहुतेक वेळा हे तेल लागतच नाही.