खासगी शाळा नियमावलीची पुस्तिका: घ्या, पण अनुसूची 'फ' आधी वाचा

एप्रिलमध्ये पेपर तपासणीच्या निमित्ताने पुण्याला गेले होते, तेव्हा अप्पा बळवंत चौकातून ही पुस्तिका घेतली. दुकानाचं आणि प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली, एकाच बांधणीत, मराठीतून. छापील किंमत ३८० रुपये, मला ३४२ ला मिळाली. काउंटरवरच्या मुलाने "मॅडम, संस्थेसाठी की स्वतःसाठी?" असं विचारलं. स्वतःसाठी म्हटल्यावर त्याने मागून दुसरी प्रत काढून दिली, "ही वाचायला सोपी आहे." खरोखर सोपी आहे. त्या मुलाचे आभार.

मला ही का लागली ते सांगते. आमची शाळा फक्त मुलींची, पाचवी ते दहावी, तालुक्याच्या गावी. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मे अखेरीस सेवानिवृत्त होणार होत्या. जानेवारीपासूनच स्टाफरूममध्ये दोन तट पडले होते. आमच्याकडे एक सर आहेत, १९९६ ला रुजू झालेले. मी २००१ ला रुजू झालेली. सर माझ्या आधीचे, म्हणून खुर्ची सरांची, असं अर्ध्या लोकांचं म्हणणं. उरलेले म्हणत, मुलींची शाळा आहे, तिथे बाईच लागते, म्हणजे तुम्हीच. दोन्ही बाजू ठामपणे बोलत होत्या आणि नियम कोणीच पाहिलेला नव्हता. मला हे फार लागलं. तेवीस-चोवीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर केवळ बाई म्हणून खुर्चीवर बसवलं, असं कोणी म्हणावं, हे मला नको होतं.

नियम ३ मुख्याध्यापकाच्या नेमणुकीचा. माध्यमिक शाळेसाठी पदवी आणि बी.एड. हवं. पदवीनंतर किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव हवा आणि त्यातली दोन वर्षं तरी बी.एड. नंतरची. या अटी पुऱ्या करणाऱ्यांत जो सेवाज्येष्ठ आणि ज्याचा सेवेचा अभिलेख (नोंदी) समाधानकारक, त्याला संस्थेने नेमायचं. मुलींच्या शाळेची तरतूद वेगळी. तिथे पुरुष शिक्षकांच्या तुलनेत ज्येष्ठता न पाहता सर्वांत ज्येष्ठ शिक्षिकेला मुख्याध्यापक किंवा उपमुख्याध्यापक म्हणून घ्यायचं. पण अर्हता, अनुभव आणि चांगला अभिलेख या अटी तिलाही तशाच लागू. म्हणजे कोणीही बाई चालते असं नाही. आमच्या स्टाफरूममध्ये हे अर्धं वाक्य चार महिन्यांत एकदाही कोणाच्या तोंडून आलं नव्हतं.

आता पुस्तिकेतलं मला सर्वांत मोलाचं पान, अनुसूची 'फ'. माध्यमिक शिक्षकांची ज्येष्ठता नुसत्या रुजू तारखेवरून लागत नाही, ती प्रवर्गांवरून लागते. 'अ' आणि 'ब' मध्ये मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक. 'क' मध्ये पदवी अधिक बी.एड. असलेले. त्याखाली पदवीसोबत डी.एड. वाले, मग पदवी नसलेले प्रशिक्षित, मग अप्रशिक्षित. शेवटी टीप आहे की हे प्रवर्ग म्हणजे ज्येष्ठतेची उतरती शिडी. 'क' मध्ये जो आधी आला तो वर.

सर १९९६ ला डी.एड. वर रुजू झाले, पाचवी ते सातवीचे वर्ग घ्यायचे. बी.एड. त्यांनी २००३ ला केलं. मी बी.एस्सी. बी.एड. होऊनच २००१ ला आले. रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेन्सिलने दोन्ही तारखा समासात लिहिल्या आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. 'क' मध्ये मी २००१ पासून, सर २००३ पासून; म्हणजे मुलींच्या शाळेची तरतूद बाजूला ठेवली तरी मीच वर होते. पदवीधर डी.एड. शिक्षक दहा वर्षांच्या सेवेनंतरही 'क' मध्ये येतो, तेही मोजून पाहिलं. १९९६ अधिक दहा म्हणजे २००६. सरांना बी.एड. ने त्याआधीच 'क' मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुस्तिका सरांपुढे ठेवली. भांडायला नाही. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, हे मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणी दाखवलं असतं तर मी बी.एड. ला इतका उशीर केला नसता." मला गलबलून आलं. त्यांनी शाळेला दिलेली वर्षं कमी नाहीत आणि चूक त्यांची नव्हतीच. आमची सेवाज्येष्ठता यादी वर्षानुवर्षं रुजू तारखेवर लावली जात होती आणि आम्ही सगळे सह्या करत होतो. नियम १२ सांगतो की यादी अनुसूची 'फ' प्रमाणे करायची, सर्वांना प्रत द्यायची, पोच घ्यायची, हरकती विचारात घ्यायच्या आणि वाद राहिला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. मी हरकत लिहून दिली. यादी दुरुस्त झाली आणि मुख्याध्यापक म्हणून माझ्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्तावही त्याच यादीसह शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला.

तक्रारी आता. मुलींच्या शाळेच्या तरतुदीखाली दुरुस्तीची तारीख, अधिसूचनेचा क्रमांक, काहीच छापलेलं नाही. ज्या नियमावर माणसाच्या पदोन्नतीचा फैसला होतो तिथे हे अक्षम्य आहे. आपल्या नेमणुकीच्या दिवशी कोणता मजकूर लागू होता हे वाचकाला कळायलाच हवं. मी शेवटी वकिलांकडून ताडून घेतलं. विषयसूचीत 'मुलींची शाळा' अशी नोंदच नाही, 'मुख्याध्यापक' खाली शोधत बसावं लागतं. भाषांतरात एका पानावर 'प्रमुख', दुसऱ्यावर 'मुख्याध्यापक', आणि उपमुख्याध्यापकाला कुठे 'सहायक प्रमुख'. नवख्याला ही तीन वेगळी पदं वाटतील. अनुसूचीचा टाइप इतका बारीक की सरांनी ती खिडकीपाशी नेऊन वाचली. दोन महिन्यांत मधली पानं सुटली.

निवाडे अजिबात नाहीत, हेही खटकलं. विजयलक्ष्मी विरुद्ध पंजाब विद्यापीठ या २००३ च्या निकालाला एक परिच्छेद तरी द्यायला हवा होता. महिला महाविद्यालयात प्राचार्य महिलाच असावी, असे तिथले नियम उच्च न्यायालयाने रद्द केले होते; सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. घटनेचं कलम १५(३) महिलांसाठी विशेष तरतूद करू देतं. आठवीतली मुलगी पोटात दुखतंय म्हणून दारात उभी राहते आणि आत बाई दिसल्यावरच तोंड उघडते, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. त्या तरतुदीमागचं कारण मला तिथे दिसतं.

अधिनियमाचं कलम ९ मात्र ठळक अक्षरात छापलंय, हे चांगलं केलं. पदोन्नतीत डावललं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, आणि मुदत फक्त ३० दिवस.

पाचपैकी साडेतीन. घेताना शिलाईची बांधणी मागा, चिकटवलेली नको. माझी प्रत आता स्टाफरूमच्या कपाटात असते, अनुसूची 'फ' च्या पानावर लाल दोरा लावून. परवा नव्या बी.एड. झालेल्या दोघी मैत्रिणी ती मागायला आल्या होत्या.