एसएसडीचे आठ महिने आणि जुन्या हार्ड डिस्कवर राहिलेले 100 एमबी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इंदिरानगरमध्ये एका संध्याकाळी चार वेळा वीज गेली आणि आली, आणि त्यानंतर आमचा घरचा संगणक सुरू होईना. पडद्यावर मदरबोर्डचे चिन्ह यायचे आणि तिथेच थांबायचे. दिवाळीत अडीच हजार रुपयांना घेतलेली 480 जीबीची साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारखीच साटा केबलने मदरबोर्डला जोडायची, पण चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आठ महिन्यांतच गेली, असे मी धरून चाललो आणि त्या रागाच्या भरात या एसएसडीविरुद्ध बराच मजकूर लिहूनही काढला. तो सगळा मी आता पुसला आहे, कारण एसएसडीत काहीही बिघडलेले नव्हते.

संगणक चौथ्या पिढीच्या आय-3 प्रोसेसरचा आणि एच 81 चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) आहे. या चिपसेटच्या चार साटा जोडण्यांपैकी दोनच सेकंदाला 6 गिगाबिटच्या असतात. सुरुवातीला एसएसडी 3 गिगाबिटच्या जोडणीत बसवली गेली होती. वाचनाचा वेग सेकंदाला 270 एमबीच्या पुढे जाईना, म्हणून मी केबल बदलली आणि तो 520 पर्यंत गेला. खरे सांगायचे तर रोजच्या कामात मला त्या दोन आकड्यांत फारसा फरक जाणवला नाही. मोठा फरक पडला तो हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर आल्याने. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात, आणि विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागत असल्याने प्रत्येक वेळी ती फिरून योग्य जागी येईपर्यंत थांबणे भाग पडते. एसएसडीत फिरणारे काही नाही. पूर्वी दोन मिनिटे लागत, तिथे आता वीस सेकंदही लागत नव्हते, आणि भावाच्या द्राक्षबागेचे हिशेब मी उत्साहाने याच संगणकावर ठेवू लागलो होतो.

म्हणूनच दुकानदाराचे निदान मनाला फार लागले. त्याने जुनी 1 टीबीची हार्ड डिस्क काढून ठेवली, एकटी एसएसडी जोडली, बूट करण्याजोगी (संगणक सुरू करू शकणारी) डिस्क नसल्याचा संदेश मला दाखवला आणि एसएसडी निकामी झाल्याचे सांगून नवी एसएसडी व डेटा परत मिळवण्याचे मिळून साडेसहा हजार रुपये मागितले. मी दोन दिवसांची मुदत घेतली आणि संगणक घरी आणला.

घरी बायोस (विंडोजच्या आधी चालणारी मदरबोर्डची प्रणाली) उघडल्यावर एक गोष्ट खटकली. जोडलेल्या डिस्कच्या यादीत एसएसडीचे नाव आणि क्षमता अगदी बरोबर दिसत होती, मात्र बूटच्या क्रमवारीत पूर्वी असलेली ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद नाहीशी झाली होती. चारशे रुपयांची साटा-यूएसबी केबल आणून एसएसडी पुतण्याच्या लॅपटॉपला जोडली, तर सगळ्या फाइली जशाच्या तशा उघडल्या.

कारण दिवाळीतच घडले होते. बसवणाऱ्या तंत्रज्ञाने विंडोज टाकताना हार्ड डिस्कची केबल काढली नव्हती. जुन्या डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइली ठेवण्याचा डिस्कचा वेगळा भाग) आधीपासून होते, साधारण 100 एमबीचे, आणि असे पार्टिशन दिसले की विंडोजचा इन्स्टॉलर बहुधा तेच वापरतो, नव्या डिस्कवर दुसरे करत नाही. म्हणजे विंडोज संपूर्ण एसएसडीवर होते, पण ते सुरू करून देणारी फाइल जुन्या हार्ड डिस्कवर राहिली होती. ती डिस्क विजेच्या खेळात बंद पडली आणि तिच्याबरोबर सुरू होण्याची वाटच गेली. एक केबल पाच मिनिटे काढून ठेवली असती तर हे टळले असते, आणि या एका गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुरुस्ती अशी केली. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून शिफ्ट आणि एफ 10 दाबून कमांडची खिडकी उघडली. डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन करण्याच्या साधनात सी ड्राइव्ह 300 एमबीने आकसवला, मोकळ्या जागेत 260 एमबीचे ईएफआय पार्टिशन करून ते फॅट 32 मध्ये फॉरमॅट केले, त्याला एस हे अक्षर दिले आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइली तिथे लिहून घेतल्या. पेनड्राइव्हवरून आल्यावर ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, त्यामुळे विंडोजचा फोल्डर कोणत्या अक्षराखाली आहे ते आधी पाहून घ्यावे. पूर्ण कामाला अर्धा तास लागला.

आपल्याकडेही एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क एकत्र असेल, तर विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’ कोणत्या डिस्कसमोर लिहिले आहे ते आजच पाहावे. हे पाहायला एक रुपयाही लागत नाही.

त्याच साटा-यूएसबी केबलने जुनी हार्ड डिस्क वाचता येईल का, असे पुतण्याने विचारले. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि यूएसबीच्या जोडणीतून 5 व्होल्टच मिळतात, त्यामुळे तिच्यासाठी वेगळ्या अॅडॅप्टरचा संच आणला. पण ती फक्त टकटक आवाज करते. त्यातली छायाचित्रे मी एसएसडीवर आधीच उतरवून ठेवली होती. एनव्हीएमई (साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी) घ्यावी का, हा विचारही मी सोडून दिला आहे. पीसीआय एक्स्प्रेसच्या कार्डावर ती या बोर्डात बसेल आणि साठवणुकीला चालेल, पण इतक्या जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये तिच्यावरून बूट करण्याची सोय सहसा नसते, आणि ज्या वेगाचा मला उपयोग नाही त्यासाठी मी पैसे घालणार नाही.

या रविवारी नवी हार्ड डिस्क जोडण्यापूर्वी मी एसएसडी वगळता सगळ्या केबल काढल्या आणि संगणक सुरू केला. सतरा सेकंदांत पासवर्डची चौकट आली. मग तो बंद केला आणि दुसरी केबल जोडली.