रे चार्ल्सची युगुलगीतं : काही महिने रोज ऐकल्यावर

हा अनुभव अमेरिकन गायक आणि पियानोवादक रे चार्ल्सच्या तीन अल्बमांचा आहे. 1961 मधला जॅझ गायिका बेटी कार्टरबरोबरचा, 1984 चा 'फ्रेंडशिप' आणि 2004 चा 'जीनियस लव्ह्ज कंपनी'. पहिल्यात सोलची, म्हणजे रेच्या स्वतःच्या शैलीची, गाठ जॅझशी पडते, दुसऱ्यात कंट्रीशी, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या गाण्याशी, आणि तिसऱ्यात ब्लूजपासून पॉपपर्यंत बारा गाण्यांना बारा वेगळे पाहुणे आहेत. सुरुवातीला तिसराच सगळ्यात जास्त आवडतो. नावं मोठी, रेकॉर्डिंग स्वच्छ, आणि 2005 च्या सोहळ्यात त्याला मिळालेल्या आठ ग्रॅमी संगीत पुरस्कारांचं वलयही आहेच. पण रोज ऐकत गेलं की त्यातली निम्मी गाणी हळूहळू मागे पडतात आणि बेटी कार्टर वर येते.

असं का होतं, याचं उत्तर रेच्या लयीत आहे. तो शब्द ठोक्यावर ठेवत नाही. ओळ किंचित उशिरा उचलतो, मधला एखादा शब्द ओढतो आणि शेवटी घाई करून समेला गाठतो. चर्चमधल्या गॉस्पेलची, म्हणजे भक्तिगीतांची, ही सवय त्याने ब्लूजमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या दुःखाच्या गाण्यांत, आणली, आणि त्यातूनच ज्याला आपण सोल म्हणतो ते घडलं. अशा गायकाशेजारी उभं राहणाऱ्याने त्याच्यासारखंच रेंगाळायला सुरुवात केली की दोघंही मागे, आणि ठोका एकटाच पुढे चालत राहतो. गाणं सैल पडतं. जोडीदार स्वतःच्या घराण्याच्या चालीवर ठाम राहिला, तर मात्र त्या दोघांमधलं अंतर कानाला दिसतं. या तिन्ही अल्बमांतली टिकाऊ गाणी बहुतेक या दुसऱ्या प्रकारातली आहेत.

'सिनर्स प्रेयर' घ्या. रेने हे गाणं पन्नासच्या दशकात अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी एकट्याने गायलं होतं. 2004 च्या अल्बममध्ये बरोबर ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग आहे. किंगची एक गोष्ट माहीत असली की हे गाणं उघडतं : तो गाताना गिटार वाजवत नाही. ओळ संपवायची, मग 'लुसिल'ने, म्हणजे त्याच्या गिटारने, उत्तर द्यायचं, अशी त्याची आयुष्यभराची पद्धत. त्यामुळे इथे प्रत्यक्षात तीन आवाज आहेत, आणि रेच्या ओळीनंतर जी जागा उरते ती किंगची गिटार भरते. गिटारचे सूर थोडेच, पण प्रत्येक सूर कंपन देऊन सोडलेला. हेडफोन लावून फक्त गिटार ऐका. ती कधी बोलते यापेक्षा कधी गप्प बसते, तिकडे लक्ष द्या. ब्लूज आणि सोल एकमेकांना किती जवळचे आणि तरीही किती वेगळे, हे त्या विरामांत कळतं.

'हिअर वी गो अगेन' सगळ्यांना ठाऊक आहे. गायिका नोरा जोन्स, वर्षातल्या सर्वोत्कृष्ट रेकॉर्डचं ग्रॅमी, ऑर्गनवर बिली प्रेस्टन. याचा खरा आनंद घ्यायचा तर आधी रेची 1967 ची एकट्याची आवृत्ती ऐका, मग लगेच ही. जुन्यात तो भरल्या छातीने गातो. 2004 मध्ये आवाज खरखरीत झालाय, दम कमी पडतो, आणि लांब ओळींचा भार नोरा उचलते. ती गळ्याला अजिबात ताण देत नाही, हरकती घेत नाही, सूर सरळ लावते आणि तसाच ठेवते. म्हणून रेच्या आवाजातली प्रत्येक चीर ऐकू येते. तिने इथे सोलच्या ढंगात गळा फिरवला असता तर गाणं बुडालं असतं.

स्त्री-पुरुष जोडीत पट्टीचा प्रश्न येतोच. आपल्याकडे जुगलबंदी ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको : दोघांच्या सोयीच्या षड्जात साधारण मध्यम-पंचमाचं अंतर असतं, आणि त्यावर पंडित जसराजांनी जसरंगीसारखा, म्हणजे दोघांनी आपापल्या षड्जात वेगवेगळे राग गाण्याचा, तोडगा काढला. अमेरिकन गाण्यात सोपे मार्ग वापरतात. एक तर बाईचाच आवाज खालचा निवडायचा. नोरा जोन्स आणि 'यू डोन्ट नो मी'मधली डायना क्रॉल या दोघींचे आवाज खर्जाकडे झुकणारे आहेत, त्यामुळे एकाच पट्टीत दोघांचं भागतं. नाहीतर ओळी वाटून घ्यायच्या आणि एकत्र येताना एकाने मूळ चाल सोडून वरचा किंवा खालचा स्वर धरायचा. तिसरा मार्ग बेटी कार्टरच्या अल्बममध्ये दिसतो, आणि मला तो सगळ्यात सुंदर वाटतो.

तो मार्ग 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड'मध्ये ऐका. फ्रँक लेसरने हे गाणं रचलंच असं आहे की पाहुणीचं वाक्य संपायच्या आत यजमानाचं सुरू होतं. दोघांना चालीचे वेगवेगळे तुकडे मिळतात, म्हणून पट्टीची ओढाताण होत नाही. कार्टर बीबॉपमधली, म्हणजे वेगवान, वळणावळणाच्या जॅझमधली गायिका. तिला सूर थेट लावायचा नसतो. ती खालून येते, शब्द मध्येच तोडते, कधी अख्खी ओळ बोलल्यासारखी टाकते. रे उशिरा येणारा, ती अनपेक्षित जागी येणारी. दोघं एकमेकांच्या ओळीवर ओळ ठेवतात, तरी गोंधळ होत नाही, कारण रेचा आवाज छातीतला आणि जड, तिचा हलका आणि वरचा. पहिल्यांदा फक्त तिचा आवाज धरून ऐका, दुसऱ्यांदा फक्त त्याचा, आणि तिसऱ्यांदा दोघं एकदम. तिसऱ्या वेळी एकाने जागा कशी सोडली आणि दुसऱ्याने ती कशी घेतली, हे स्पष्ट दिसतं. अल्बमची मांडणी मार्टी पेचची आहे. वाद्यवृंद सुरेख, पण संथ गाण्यांत जॅक हॅलोरनचं समूहगान मध्ये येतं, आणि दोघांच्या एकांतात इतकी माणसं कशाला, असं वाटत राहतं. ही या अल्बमची एकच मोठी उणीव.

'फ्रेंडशिप'बद्दल थोडक्यात. निर्माता कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचा बिली शेरिल, त्यामुळे सगळं गुळगुळीत. सलग ऐकायला जड जातं. 'सेव्हन स्पॅनिश एंजल्स' मात्र अजिबात सोडू नका. कंट्री गायक विली नेल्सनबरोबरचं हे गाणं 1985 मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि त्या यादीत रेला मिळालेला तो एकमेव पहिला क्रमांक. विली नाकातून, कोरडेपणाने गोष्ट सांगतो. रे तीच गोष्ट प्रार्थनेसारखी गातो. शिवाय जॉर्ज जोन्सबरोबरचं 'वी डिडन्ट सी अ थिंग' ऐका. दोन मित्र एकमेकांच्या भानगडींवर पांघरूण घालतात आणि गिटारवर चेट अ‍ॅटकिन्स आहे. बाकी अल्बममधलं एखाद-दुसरं गाणं अधूनमधून पुरे.

विली पुन्हा 2004 च्या अल्बममध्ये भेटतो, 'इट वॉज अ व्हेरी गुड इयर'मध्ये. सतराव्या, एकविसाव्या, पस्तिसाव्या वर्षाच्या आठवणी सांगणारं हे गाणं सत्तरी ओलांडलेले दोन पुरुष वाटून घेतात. विलीही ठोक्याशी खेळतोच, पण त्याची ओळ बोलण्याच्या लयीची, आणि रेची गाण्याच्या लयीची. म्हणून दोघं सैल असूनही एकमेकांत मिसळून जात नाहीत. रे 10 जून 2004 ला गेला आणि अल्बम ऑगस्टअखेर आला, हे ठाऊक असताना हे गाणं ऐकणं सोपं नाही.

मागे पडलेली गाणी कोणती? 'फीव्हर' नॅटली कोलबरोबर चटपटीत आहे, पण दोघं एकाच ढंगात गातात आणि चौथ्या-पाचव्या वेळी पुढचं सगळं आधीच कळतं. मायकल मॅकडॉनल्डचं 'हे गर्ल' तसंच. त्याचा स्वतःचा गळाच रेच्या वळणाने घडलेला, त्यामुळे अंतर उरत नाही. व्हॅन मॉरिसनचं 'क्रेझी लव्ह' 2003 मधल्या एका समारंभातलं थेट ध्वनिमुद्रण आहे. त्याचा नाद बाकीच्यांपेक्षा वेगळा, म्हणून ते सलग न ऐकता वेगळं काढून ऐकलेलं बरं. जॉनी मॅथिसबरोबरचं 'ओव्हर द रेनबो' मला दीर्घ काळ अति गोड वाटत राहिलं, अजूनही थोडं वाटतं. पण मॅथिसचा वरचा, तलम आवाज संपून रेचा भेगाळलेला सूर सुरू होतो ती जागा मोठी आहे.

आता ऐकण्याच्या सोयीबद्दल. अ‍ॅपवर ऐकत असाल तर क्रॉसफेड, म्हणजे दोन गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय, शून्यावर ठेवा, नाहीतर संथ गाण्यांचा शेवटचा सूर पुढच्या गाण्यात बुडतो. शफल बंद. 1961, 1967 आणि 2004 ची गाणी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आवाज समान करण्याची सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, चालू करा. नवं मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात, मोठ्या पातळीवर केलेलं असतं आणि मोठा आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो, त्यामुळे जुन्यावर अन्याय होतो. एकेक अल्बम सलग ऐकताना ही सोय बंद केली तरी चालेल.

साठच्या दशकातल्या बऱ्याच स्टिरिओ मिश्रणांत वाद्यं आणि आवाज दोन टोकांना ढकललेले असतात. स्पीकरवर खटकत नाही, हेडफोनवर अर्ध्या तासात डोकं जड होतं. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओचा पर्याय असतो, अशा वेळी तो चालू करा आणि नंतर आठवणीने बंद करा, नाहीतर 2004 चा अल्बमही चपटा ऐकू येईल. त्याला सभोवतालच्या ध्वनीच्या मिश्रणासाठीही ग्रॅमी मिळालं आहे. फोनच्या स्पीकरवर बेस गिटार आणि ऑर्गनचा खालचा भाग जवळपास नाहीसा होतो, आणि रे ज्या ठोक्याच्या मागे राहतो तो ठोकाच ऐकू येईनासा होतो. साधे वायरचे हेडफोनसुद्धा त्यापेक्षा फार बरे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिन्ही अल्बम एकदम घेऊ नयेत. आधी 'सिनर्स प्रेयर', 'हिअर वी गो अगेन' आणि 'सेव्हन स्पॅनिश एंजल्स' ही तीन गाणी आठवडाभर. मग बेटी कार्टरचा अल्बम पूर्ण, शक्यतो रात्री आणि एका बैठकीत. त्यानंतर 2004 चा. पैसे एकाच तबकडीवर खर्च करायचे असतील तर ते बेटी कार्टरवर करा. बाकी दोन्ही अ‍ॅपवर ऐकले तरी फारसं काही निसटत नाही.