स्केटिंगच्या वर्गासाठी बर्फावर उमटणारे मार्कर : जळगावच्या बाजारातून केलेली निवड

जळगाव, भुसावळ, धुळे येथील मुले सिमेंटच्या किंवा फरशीच्या मैदानावर चाकांचे स्केट घालून शिकतात आणि तेथे प्रशिक्षकाला वर्तुळे आणि खुणा आखायला लागणारे लेखनसाहित्य म्हणजे खडूची एक पेटी. याच मुलांना सुट्टीत बर्फावरच्या शिबिराला न्यायचे ठरले की खडू कामाचा राहत नाही. बर्फावर तो घसरतो, आणि पृष्ठभाग जरा ओलसर असला तर त्याचा लगदा होतो. आमच्या वर्गाच्या खरेदीचे काम माझ्याकडे असल्यामुळे महात्मा फुले मार्केटच्या परिसरातील दुकानांतून आणि ऑनलाइन मिळणारे निरनिराळे मार्कर आणून मी ते आधी घरी तपासले आणि मग शिबिरात वापरले. त्या अनुभवावर हा अभिप्राय आहे. दुकानदाराला ‘बर्फावर लिहायचे आहे’ असे सांगितले की ‘गोळ्यावर का, दादा?’ असा प्रश्न हमखास येतो, एवढे गृहीत धरून बाजारात जावे.

प्रथम तपासणीविषयी. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून तिच्यावर मार्कर चालवून पाहणे सोपे वाटते. परंतु पारा ४३ अंशांवर असताना लादीवर सतत पाण्याचा थर असतो आणि त्या थरावर कोणतीच शाई टिकत नाही. रिंकवरचा, म्हणजे स्केटिंगच्या मैदानावरचा, बर्फ साधारण उणे ३ ते उणे ६ अंशांवर राखलेला असतो, त्यामुळे तो हाताला कोरडा लागतो. म्हणून स्टीलच्या परातीत दोन बोटे पाणी घालून ती डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवावी आणि बाहेर काढल्यावर थोडा वेळ जाऊ द्यावा. घरगुती फ्रीजरचे तापमान उणे १८ च्या आसपास असते. इतक्या थंड बर्फावरचा निकाल रिंकवर तसाच्या तसा लागू पडत नाही.

पर्मनंट मार्कर सर्वांत आधी आठवतो, कारण तो प्रत्येक दुकानात असतो आणि स्वस्त असतो. त्याच्या शाईत अल्कोहोलसारखे द्रावक असते आणि ते या तापमानाला गोठत नाही. पहिली रेघ त्यामुळे गडद आणि देखणी येते. पण पुढे टोकात बर्फाचा भुगा शिरतो, तेथे वितळतो, आणि काही हात अंतर गेल्यावर रेघ फिकट होऊन थांबते. टोक कापडाने कोरडे करून पुन्हा सुरुवात करावी लागते, आणि दहा-बारा मुले थंडीत उभी असताना हा खोळंबा परवडत नाही. शिवाय अनेक रिंकचालकांना पर्मनंट शाई नको असते. बर्फ सारखा करणारे यंत्र, ज्याला त्याचे अमेरिकन जनक फ्रँक झांबोनी यांच्या नावाने जग ओळखते आणि जे त्यांनी १९४९ साली तयार केले, ते वरचा पातळ थर खरवडून त्यावर गरम पाणी पसरते. पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाचे अवशेष या कामात उरले तर पुढच्या थराखाली डाग म्हणून राहू शकतात. एका रिंकवर आमच्या पिशवीतला पर्मनंट मार्कर दारातच काढून ठेवायला लावला आणि वर सर्वांसमोर सुनावले. नियम योग्य होता; सूचना शिबिराच्या पत्रकात आधी छापली असती तर बरे झाले असते.

व्हाइटबोर्ड मार्कर घेऊच नये. त्याची शाई पृष्ठभागाला घट्ट चिकटू नये अशीच बनवलेली असते, म्हणून तर ती फळ्यावरून कोरड्या डस्टरने निघते. बर्फावर तिचा पापुद्रा होतो, स्केटचे पाते गेले की त्याचे तुकडे उडतात आणि जरा पाणी सुटले की ते तुकडे तरंगू लागतात. लिक्विड चॉकचे मार्कर काचेवर उठून दिसतात, पण पांढऱ्या बर्फावर त्यांचे फिके रंग हरवून जातात. मुलांचे धुऊन निघणारे स्केच पेन याहून बरे, कारण त्यांची शाई पाण्याची असते आणि ती बर्फात गोठून बसते. मात्र त्यांची रेघ इतकी बारीक असते की उभ्या माणसाला ती शोधावी लागते.

रुंदीचा हा मुद्दा हिशोबाने पाहिला तर अधिक पटतो. फिगर स्केटिंगमध्ये आठच्या आकड्याचा सराव ज्या वर्तुळांवर करतात, त्यांचा व्यास स्केटरच्या उंचीच्या सुमारे तिप्पट धरण्याची पद्धत आहे. चार फूट, म्हणजे साधारण १.२ मीटर उंचीच्या मुलासाठी व्यास ३.६ मीटर होतो, एका वर्तुळाचा परीघ ११ मीटरांहून थोडा अधिक भरतो आणि पूर्ण आठाची रेघ २२ मीटरांच्या पुढे जाते. स्केच पेनचे टोक एवढ्या प्रवासात टिकत नाही, आणि स्केट घालून वाकलेल्या प्रशिक्षकाची कंबरही टिकत नाही. परदेशी रिंकवर या वर्तुळांसाठी स्क्राइब नावाचा भला मोठा कंपास वापरत. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या सक्तीच्या आकृत्या १९९० नंतर वगळल्या गेल्या, तरी शिकवण्यासाठी त्यांचे मोल कमी झालेले नाही. आम्ही कंपासाऐवजी सुतळी वापरतो: मोठ्या मुलाने मध्यावर एक टोक धरावे, दुसऱ्या टोकाला मार्कर बांधावा आणि अखंड रेघेऐवजी वीतभर अंतराने ठिपके देत फिरावे. ठिपक्यांच्या वर्तुळाला शाई कमी लागते आणि मुलांना वळण तेवढेच स्पष्ट दिसते.

या कामाला सर्वांत योग्य ठरले ते डॉट मार्कर. लहान मुलांच्या रंगकामासाठी विकल्या जाणाऱ्या या बुटक्या बाटल्यांना टोकाशी गोल स्पंज असतो आणि आत पाण्यात मिसळलेला, धुऊन निघणारा रंग असतो. परदेशात बिंगो खेळणारे तिकिटांवर ठिपके देण्यासाठी अशाच बाटल्या वापरतात आणि तिकडचे बर्फावरचे अनेक प्रशिक्षक त्याच खिशात बाळगतात. स्पंज बर्फावर क्षणभर टेकवायचा आणि लगेच उचलायचा. रंगाच्या उबेने बर्फ नखाएवढा विरघळतो, रंग त्यात उतरतो आणि पाहता पाहता गोठतो. मात्र स्पंज रेंगाळू दिला तर तो बर्फाला धरून बसतो आणि ओढून काढताना त्याचे धागे मागे राहतात. दोन ठिपक्यांच्या मध्ये बाटली जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. पिशवीत थंड पडलेली बाटली पहिल्या काही ठिपक्यांना रंगच सोडत नाही.

डॉट मार्करचा खरा उपयोग मला वर्तुळांपेक्षा पात्याची खूण वाचण्यात दिसला. फिगर स्केटचे पाते खालून किंचित पोकळ घासलेले असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन एज, म्हणजे धारदार कडा, असतात. मूल सरळ, सपाट पात्यावर गेले तर बर्फावर दोन समांतर बारीक रेघा पडतात. एजवर झुकून गेले तर एकच रेघ पडते. नुसत्या पांढऱ्या बर्फावर हा फरक शिकाऊ डोळ्याला दिसत नाही, आणि प्रशिक्षक ‘तू सपाट गेलास’ असे कितीही सांगत राहिला तरी मुलाला ते पटत नाही. तेच बर्फावर हिरव्या रंगाचा दोन वितींचा पट्टा स्पंजने पातळ फासला, तो गोठू दिला आणि मुलाला त्यावरून एका पायावर जायला सांगितले, तर हिरव्यातून उठलेली पांढरी रेघ एक आहे की दोन, हे ते स्वतः गुडघ्यावर बसून मोजते. चाकांच्या स्केटवर तरबेज झालेल्या आमच्या मुलांना एजची सवय नसते. एवढ्या एका कामासाठीही बाटलीचे पैसे वसूल होतात.

डॉट मार्करचे दोष दोनच. स्थानिक दुकानांत ते सहजी मिळत नाहीत, मागवावे लागतात, आणि संचातले सगळे रंग उपयोगी पडत नाहीत. पिवळा पांढऱ्या बर्फावर दिसतच नाही. हॉकीच्या रिंकवर बर्फाच्या थराखाली लाल आणि निळ्या रेषा आधीच रंगवलेल्या असतात, म्हणून त्या रंगांच्या खुणा गोंधळ वाढवतात. हिरवा आणि जांभळा हे दोन रंग सर्वांत चांगले चालले. काळा दुरूनही वाचता येतो, पण शिमल्यासारख्या उघड्या रिंकवर, जेथे बर्फ नैसर्गिक थंडीने गोठवतात, त्याचा पट्टा फासू नये. गडद रंग ऊन अधिक शोषतो आणि त्याच्याखालचा बर्फ आधी मऊ पडतो. छताखालच्या रिंकवर ही अडचण येत नाही.

ज्यांना मागवायला वेळ नाही त्यांनी कॅनव्हासच्या बुटांना लावायच्या पांढऱ्या पॉलिशची संपलेली बाटली घ्यावी. तिच्या तोंडाशी तसाच स्पंज असतो. बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुऊन, पांढरे पाणी येणे थांबल्यावर तिच्यात खाण्याचा हिरवा रंग घट्टसर कालवून भरला की गरज भागते. ठिपका डॉट मार्करइतका भरीव येत नाही, हातमोजे हमखास रंगतात आणि झाकणाचा भरवसा नसतो. भुसावळहून दिल्लीपर्यंतच्या प्रवासात ती उभी ठेवली तरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावी.

रांगोळी वापरण्याचा सल्ला आपल्याकडे कोणी ना कोणी देतोच, आणि घरात ती असतेही. तो मुळीच मानू नये. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. तिचे कण बर्फात रुतून राहतात आणि त्यावरून गेलेल्या पात्याची धार जाते. पात्याला धार लावून देणारा कारागीर खानदेशात शोधूनही सापडणे कठीण, त्यामुळे शिबिराच्या पहिल्या दिवशी बोथट झालेले पाते शेवटपर्यंत तसेच चालवावे लागेल. गेरू आणि खडूचा चुरा यांनाही हेच कारण लागू आहे.

खरेदीचा आकार म्हणाल तर दहा-बारा मुलांच्या शिबिराला हिरव्याच्या दोन आणि जांभळ्याची एक बाटली पुरते. पट्टे फासायचे असतील तर हिरव्याची आणखी एक घ्यावी, कारण पट्ट्याला रंग फार लागतो. रिंकचालकाला निघण्याआधी फोन करून रंग पाण्याचा आहे आणि धुऊन निघतो हे सांगावे, बाटलीवरच्या लेबलचे छायाचित्र पाठवावे, आणि खुणा करण्याची वेळ यंत्र फिरण्याच्या आधीच्या तासात मागून घ्यावी, म्हणजे वर्ग संपला की बर्फ लगेच खरवडला जातो आणि पुढच्या गटाची तक्रार येत नाही.