तळाला कडक रंग की झिजणारा? साठवणीतून बोट बाहेर काढण्याआधी ठरवायची गोष्ट

सहा-आठ महिने टेकूंवर उभी असलेली शिडाची बोट पुन्हा पाण्यात सोडायची म्हटली की कामं रांगेत उभी राहतात. सीकॉक (तळातले पाण्याचे नळ) हलवून बघा, इम्पेलर (इंजिनाच्या पाण्याच्या पंपातलं चाक) बदला, शाफ्टवरचे ॲनोड (गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे) बघा, शिडं बांधा. यात निवडीला फारशी जागा नसते, करायचं ते करायचंच. निवड असते ती तळाच्या अँटीफाउलिंगची, म्हणजे शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारायच्या रंगाची. ती चुकली तर त्याची शिक्षा एकदाच होत नाही, दर हंगामाला होते.

कडक आणि झिजणारा, दोन्ही रंगांत मारक द्रव्य बहुधा तांब्याचंच असतं. फरक ते धरून ठेवणाऱ्या बाइंडरमध्ये आहे. कडक रंगाचा बाइंडर पाण्यात विरघळत नाही. तांबं हळूहळू पाण्यात उतरतं आणि मागे सच्छिद्र, रिकामं कवच उरतं. झिजणाऱ्या रंगात बाइंडरच थोडा थोडा निघून जातो आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. वर्षभर पाण्यातच असणाऱ्या बोटीला हा फरक तितका जाणवत नाही. हंगामात पाण्यात आणि बाकी वेळ जमिनीवर असणाऱ्या बोटीला मात्र तो चांगलाच जाणवतो.

कडक रंग हवेत पडून राहिला की पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्सिडेशन होतं आणि त्याची धार जाते. म्हणून बऱ्याच कडक रंगांच्या डब्यावर रंगवल्यापासून किती दिवसांत बोट पाण्यात गेली पाहिजे याची कमाल मुदत लिहिलेली असते. क्रेनची तारीख पुढे गेली, एखादा सुटा भाग वेळेवर आला नाही, की ती मुदत हातातून निसटते. मागच्या हंगामाचा थर तर तुम्ही परत येईपर्यंत जवळपास निकामीच झालेला असतो. तो दिसतो मात्र शाबूत. म्हणजे दर वर्षी नवे हात मारणं आलं, आणि जुना थर कुठेही गेलेला नाही.

माझं मत झिजणाऱ्या रंगाच्या बाजूने इथेच ठरलं. पाच-सहा हंगामांनंतर कडक रंगाचा तळ जवळून बघा, विशेषतः कील (तळाखाली उतरणारा पंखासारखा भाग) जिथे हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचाला, जोडलेली असते तिथे आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला. थर जाड झालेला असतो. बोट सुकत ठेवली की तो आकसतो, वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात आणि नखाएवढे पोपडे उडतात. पोपडा उडालेल्या जागी खड्डा राहतो, त्याला उभी कड. तसाच रंग मारला तर कडेखाली पाणी शिरून पुढचा पोपडा तिथूनच निघतो. म्हणून कड घासून उतरती करावी लागते. 80 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला की काळ्याखाली निळा, निळ्याखाली लाल, मग पुन्हा काळा, अशी गोल वलयं उमटतात. कापलेला कांदाच जणू. जितकी वलयं, तितके हंगाम. एक खड्डा बुजवायला घ्यावा तर त्याची उतरती कड वीतभर पसरते आणि शेजारच्या खड्ड्याला जाऊन मिळते.

हे सगळं हात डोक्याच्या वर धरून. तांब्याची धूळ विषारी असते. ती कोरडी घासू नये, ओल्या पेपरनेच घासावी, नाहीतर व्हॅक्यूम जोडलेलं यंत्र वापरावं. धुळीचा साधा मास्क पुरत नाही, चांगल्या फिल्टरचा रेस्पिरेटर लागतो. खाली ताडपत्री अंथरून सगळा लगदा गोळा करावा लागतो. हीट गन लावून रंग उकलण्याचा मोह होईल, पण निघणारा धूर घातक असतो आणि फायबरग्लासही भाजतं.

झिजणाऱ्या रंगात हा साठा फारसा होत नाही. हंगामात तो झिजून कमी होतो, पुढच्या वेळी जितका गेला तितकाच भरून काढायचा. चांगल्या प्रतीचा कोपॉलिमर प्रकार (ज्याचा बाइंडर पाण्यात एकसारखा झिजतो) असेल तर जमिनीवरच्या महिन्यांनी त्याची ताकद फारशी कमी होत नाही. तळ गोड्या पाण्याने धुऊन, पुरेसा थर शिल्लक आहे ना बघून, बोट पुन्हा सोडता येते. झिजणारा म्हणून विकला जाणारा सगळाच माल असा नसतो. स्वस्तातला मऊ रंग नुसता गळून जातो आणि हवेत टिकत नाही. डब्यावर ‘पुन्हा न रंगवता पाण्यात सोडता येतो’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो कोपॉलिमर धरून चालू नका.

दोषही सांगायला हवेत. हाताला रंग लागतो, डिंगी (सोबतची छोटी होडी) घासली की डिंगीलाही. क्रेनचे पट्टे जिथे बसतात तिथे तो खरवडला जातो. बोट एका जागी आठवडेच्या आठवडे नांगरून ठेवली तर झीज होत नाही आणि वर चिकट बुळबुळीत थर बसतो. पाण्यात ब्रशने घासलं की रंगाचा ढग उठतो आणि वर्षाचा थर तासात कमी होतो. म्हणून रेसिंगची बोट, दर पंधरवड्याला पाणबुड्याकडून साफ होणारी बोट, ओहोटीला गाळात बसणारी बोट किंवा वेगाची मोटरबोट असेल, तर कडक रंगच बरा. तो पॉलिश पेपरने गुळगुळीत करता येतो आणि घासणं सोसतो. पण पाच-सहा नॉट वेगाने फिरणाऱ्या प्रवासी शिडाच्या बोटीला या गुणांचं फारसं काम पडत नाही.

तळावर सध्या काय आहे हे माहीत नसेल तर ओल्या फडक्याने जोरात चोळून बघा. फडक्याला सहज रंग आला तर तो झिजणारा किंवा मऊ. कडक थर घट्ट असेल तर 80 नंबरने ओला घासून, धुऊन, त्यावर झिजणारा मारता येतो. उलटं चालत नाही: झिजणाऱ्यावर कडक मारला तर खालचा पायाच सरकतो आणि पापुद्रे निघतात. जुना थर कोणता ते कळत नसेल तर मध्ये टाय कोट, म्हणजे जुना आणि नवा रंग जोडणारा हात, लावा. भेगा पडलेल्या असतील तर डोकं न लावता सगळं खरवडून काढा. कार्बाइड पात्याचा स्क्रॅपर घ्या आणि पात्याचे कोपरे आधी कानशीने गोल करा, नाहीतर जेलकोटला (फायबरग्लासवरच्या गुळगुळीत थराला) चरे पडतात. मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. त्याचा शेवटचा हात अंगठा लावल्यावर ठसा उमटेल पण रंग बोटाला लागणार नाही, इतका ओला असतानाच अँटीफाउलिंगचा पहिला हात मारायचा. ती वेळ चुकली तर पुन्हा घासणं आलं.

रंग किती लागेल? आधी रुंदी आणि ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) यांची बेरीज करा, मग तिला पाण्याच्या रेघेवरच्या लांबीने गुणा. फिन कीलला (पंखासारखी आखूड) त्याच्या निम्मं, लांब कीलला (तळाला लांबवर पसरलेली) पाऊण धरा. लांबी 9 मीटर, रुंदी 3.2, ड्राफ्ट 1.8, फिन कील: साडेबावीस चौरस मीटर. लिटरला 9 चौरस मीटर धरलं तर एका हाताला अडीच लिटर. झिजणाऱ्याचा पहिला हात वेगळ्या रंगाचा मारा, समजा लाल, आणि वर काळ्याचे दोन. पाण्याची रेघ, कील आणि सुकाणूच्या पुढच्या कडा यांना काळ्याचा आणखी एक हात, कारण झीज तिथेच जास्त. त्यासाठी अर्धा लिटर वेगळा ठेवा. तांबं जड असल्याने डब्याच्या तळाशी बसतं. तळापासून खरवडून ढवळलं नाही तर पहिली बाजू पातळ रंगाची आणि शेवटची घट्ट होते. रोलर आखूड लवीचा घ्या. ॲनोड रंगवू नका. ॲल्युमिनियमचा हल किंवा सेलड्राइव्ह (तळातून खाली उतरणारा, प्रोपेलर फिरवणारा ॲल्युमिनियमचा पाय) असेल तर तांब्याच्या ऑक्साइडचा रंग अजिबात नको, गॅल्व्हॅनिक गंज (दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र आल्याने होणारा) चढतो. त्यासाठी वेगळे रंग मिळतात.

टेकूंच्या गाद्यांखालची जागा शेवटी उरते. टेकू स्वतः हलवायचे नाहीत. यार्डच्या माणसाकडून एकेक सरकवून घ्या, किंवा आदल्या संध्याकाळी बोट पट्ट्यांवर टांगून ठेवायला सांगा आणि तेव्हा तेवढे चौकोन उरका.

हंगाम संपून बोट वर आली की बुळबुळीत थर वाळायच्या आत, त्याच दिवशी धुवा. प्रेशर वॉशरचं तोंड लांब धरा, कारण जवळून मारलेलं पाणी हा रंग सोलून काढतं. मग काळ्यात कुठे लाल डोकावतोय ते बघून ठेवा. पुढच्या वेळी परत आलात की रोलर तेवढ्याच ठिकाणी फिरवायचा.